पाहुण्या मेंढ्या

दोऱ्याचं रीळ त्याने माझ्या हातात ठेवलं, "घे तुझा शेवाळी," म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला. माझ्या हातात होता तो मातकट. धड तपकिरीही नाही, मळलेल्या पायपुसण्याचा मातकट. पडद्याच्या कापडाची चिंधी मी स्वतः त्याच्या खिशात घालून दिली होती, जुळवून आण म्हणून. आणि त्याने ती दुकानात बाहेर काढली होती, दारापाशी उजेडात नेऊन रिळांशेजारी धरली होती, दुकानदाराला दोन रिळं परतसुद्धा केली होती. हे सगळं तो जरा फुशारकीनेच सांगत होता, कारण रंगाच्या बाबतीत माझ्यासमोर परीक्षा देऊन पास व्हायची संधी त्याला क्वचितच मिळते. दुसरीचा नवरा असता तर मी म्हटलं असतं, बाई, पुरुषांना चार रंग कळतात, त्यातला एक पांढरा, सोडून दे. पण आमचं ध्यान तसं नाही. हिरव्याशेजारचा हिरवा ओळखण्यावर ज्याचं पोट चालतं, अशा माणसाने मला मातकट रीळ आणून द्यावं? मी रीळ ओट्यावर ठेवलं, चहाचं आधण टाकलं आणि भांडायचं सोडून गप्प बसले. मी गप्प बसले की काहीतरी बिनसलंय हे त्याला एरवी लगेच कळतं. त्या संध्याकाळी कळलं नाही. तो आपला मेंढ्यांबद्दल बोलत राहिला.

मी कापडगिरणीत रंग जुळवते. गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवतं, असा रंग हवा म्हणून, आणि मी वाट्यांमध्ये रंग कालवून, नमुना बुडवून, वाळवून, दोन्ही चिंध्या दिव्याच्या पेटीत शेजारी ठेवते आणि हो किंवा नाही म्हणते. वडीलही हेच करायचे. त्यांच्या नखांच्या कडा कायम कुठल्यातरी रंगाच्या असायच्या, आणि लहानपणी मी त्यावरून गिरणीत आज काय चाललंय ते ओळखायची. ते म्हणायचे, रंग एकदाच बघायचा, दुसऱ्यांदा बघताना माणूस स्वतःची समजूत घालत असतो. आमच्याकडे हौदावर एक जुना रंगारी होता, त्याला सगळे हौदकाका म्हणत. दरवर्षी सगळ्यांचे डोळे तपासत, तेव्हा तो लाल, निळा, पिवळा फटाफट ओळखून छाती काढून बाहेर यायचा. मग एके वर्षी गणवेशांचा मोठा माल परत आला, करडा-हिरवा होता तो. मळकट रंग आधी जातात, हे मी तेव्हा शिकले. भडक रंग डोळा शेवटपर्यंत सांभाळतो, पण करडा, खाकी, शेवाळी, वाळक्या पानाचा, हे एकमेकांत कधी मिसळले ते त्याचं त्यालाही कळत नाही. हौदकाकाने मान्य केलं नाही. दिव्याला दोष दिला, पाण्याला दिला, नव्या मुलींना दिला, माझ्या वडिलांशी बोलणं टाकलं. त्याला गठ्ठे बांधायच्या खात्यात पाठवलं, मानाने पाठवलं, तरी तो जेवणाच्या सुट्टीत रंगखात्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा. माझ्या मनात संध्याकाळभर तोच उभा होता.

दुसऱ्या दिवशी कामावर मी दोन वाट्या चुकवल्या. वयाचा मोतीबिंदू, यात घाबरण्यासारखं काय आहे, मी स्वतःला समजावत होते. हल्ली माणसं सकाळी डोळ्याचं काम करून घेतात आणि संध्याकाळी घरी वर्तमानपत्र वाचतात. लेकीला फोन केला तर तीही हेच म्हणाली असती, वर मलाच रागावली असती की आई, तू राईचा पर्वत करतेस. ते सगळं खरं. पण आत काहीतरी सलत होतं आणि ते डोळ्याचं नव्हतं. दिव्याच्या पेटीत मी एक चिंधी ठेवली, करडी-हिरवी, आणि तिच्या शेजारी दुसरी ठेवता ठेवता माझा हात तसाच थांबला. मला मेंढ्या दिसल्या. मी त्या कधी धड पाहिल्या नव्हत्या, त्याच्या बोलण्यातच पाहिल्या होत्या, पण त्या दिसल्या आणि मी पेटीतला दिवा बंद केला.

मी त्याला गवत्या म्हणते. लग्नाच्या आधीपासून. आमची ओळख करून दिली गेली तेव्हा तो म्हणाला होता की मी गवत बघतो, आणि मी म्हटलं होतं, अय्या, ते तर बैलही बघतो. तो इतका मनापासून हसला की मी तिथेच फसले. पुढे कळलं की तो खरंच गवत बघतो, एका संशोधन संस्थेत. कुणी न पेरलेलं, आपसूक उगवलेलं, शंभर जातींचं रानगवत. त्याला तो मूळचं कुरण म्हणतो. त्या कुरणाचे त्याने कुंपणं घालून तुकडे पाडले. निम्म्या तुकड्यांवर दर हंगामाला युरिया टाकायचा, निम्म्यांवर काही नाही, आणि सगळ्यांवर मेंढ्या सोडायच्या. खत टाकलं की गवत वाढतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, तो म्हणायचा; मला गवताचं विचारायचंच नाही, मला मेंढीला विचारायचंय. तिला काय मिळालं? वजन वाढलं का, लोकर भरली का, की नुसतीच हिरवाई बघून आपण खूश? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. रंग गडद झाला म्हणजे कापड चांगलं झालं असं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि त्याची पद्धत! ती मला जेवताना सांगायचा, मिठाची वाटी म्हणजे एक तुकडा आणि चमचे म्हणजे मेंढ्या. प्रत्येक तुकड्यात काही मेंढ्या कायमच्या. हंगाम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्या तिथेच, वजन त्यांचंच करायचं. बाकीच्या पाहुण्या. गवत जास्त झालं की पाहुण्या आत सोडायच्या, कमी झालं की बाहेर काढायच्या, म्हणजे कायमच्या मेंढीपुढे खताच्या तुकड्यात काय किंवा बिनखताच्या तुकड्यात काय, ताट सारखंच वाढलेलं राहतं, आणि मग फरक पडलाच तर तो गवताच्या गुणाचा, भुकेचा नाही. पाहुण्या किती सोडायच्या हे ठरवायचं त्याच्या नजरेने. दर पंधरवड्याला तो तुकड्यातून फिरतो, लोखंडी चौकट मागे न बघता फेकतो, ती पडेल तिथे वाकतो आणि आत हिरवं किती ते सांगतो. कापून, वाळवून, तोलून बघायचं म्हटलं तर सगळ्या संस्थेच्या नाकी नऊ येतील, म्हणून नजर. एका प्रयोगाला एकच नजर, हा त्याच्या धंद्यातला नियम. दोन माणसांच्या चुका दोन तऱ्हेच्या असतात, एकाची निदान एकाच बाजूला असते. म्हणून तो आकडा सांगत असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, त्याची मदतनीससुद्धा पाठ फिरवून उभी राहते. आणखी एक नियम होता, तो मला सगळ्यात आवडायचा. पाहुण्या ठरवताना मेंढ्यांकडे बघायचं नाही. बघितलं की दया येते, दया आली की हात सैल होतो, आणि मग प्रयोग गेला. तो माझ्या ओळखीतला सगळ्यात मऊ माणूस आहे, मुंग्यांची रांग लागली तर साखरेचा डबा हलवत नाही, पण कुरणात शिरताना तो स्वतःला असं बांधून घ्यायचा. मी तोंडाने गवत्या गवत्या करत होते आणि मनातून मला त्याचं फार कौतुक वाटायचं. सांगितलं मात्र नाही कधी, त्याच्या डोक्यात हवा जाईल म्हणून.

सुरुवातीची वर्षं उत्तर सरळ येत होतं. खताच्या जमिनीवर मेंढ्या जास्त पोसल्या जायच्या, पण एकेका मेंढीचं वजन कुंपणापलीकडच्या बहिणीइतकंच वाढायचं, ना कमी ना जास्त. मग गेल्या हंगामात आणि या हंगामात वेगळंच घडायला लागलं. हंगामाच्या शेवटी शेवटी खताच्या तुकड्यातल्या कायमच्या मेंढ्या मागे पडू लागल्या. गवत उदंड आणि मेंढी वाळते! संस्थेत खळबळ उडाली. कुणी म्हणालं खताचं गवत पाणचट होतं, कुणी म्हणालं खतामुळे शेंगांची बारीक झुडपं मरतात आणि मेंढीची चव जाते. बाहेरच्या देशांतली माणसं ऐकायला येणार होती. त्याने भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, मी शर्ट निवडला होता. आणि वेळ अशी होती की हा शेवटचाच हंगाम. तो संपला की ती जमीन संस्थेच्या हातून जाणार होती, तिथे गोदामं उभी राहणार होती. पुन्हा करून बघू म्हणायची सोय नव्हती. त्याच्या सगळ्या आयुष्यातलं, दुसऱ्या कुणी न पाहिलेलं असं जे काही होतं, ते या दोन हंगामांत होतं. आणि मी दिव्याच्या पेटीसमोर उभी राहून विचार करत होते की मळकट रंग आधी जातात. वाळकी काडी कुठल्या रंगाची असते?

शनिवारी, सुट्टीच्या सकाळी मी जेवणाचं टेबल खिडकीशी सरकवलं. गिरणीतून आणलेल्या चिंध्या पसरल्या, शेवाळी आणि वाळक्या पाल्याच्या रंगाच्या, सगळ्या मिसळून. म्हटलं, जरा वेगळ्या करून दे मला, माझं डोकं चढलंय. माझ्या तोंडून असं गोड बोलणं ऐकून खरं तर त्याला तेव्हाच संशय यायला हवा होता. तो शिट्टी वाजवत बसला. भराभर दोन ढीग केले, बाही सारखी केली आणि वर बघितलं. दोन्ही ढिगांत दोन्ही रंग होते. मला वाटलं होतं मी बोलेन, मी तयारी केली होती, कधी नव्हे ते शब्द जुळवून ठेवले होते. पण एकही आला नाही, नुसते डोळे भरून आले, आणि माझं रडणं म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे तो एकदम ताठ बसला. त्याने माझ्याकडे बघितलं, ढिगांकडे बघितलं, ओट्यावर अजून पडून असलेल्या रिळाकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून खिडकीशी गेला आणि बाहेर, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या कुंड्यांकडे बघत राहिला.

मी वाट बघत होते ती हौदकाकाची. आता हा दिव्याला दोष देईल, माझ्या चिंध्यांना देईल, म्हणेल गवत वेगळं आणि कापड वेगळं. मी त्याला ते म्हणूही दिलं असतं. एवढी मोठी गोष्ट माणसाच्या हातून काढून घ्यायची तर त्याला दोन दिवस चिडायला तरी मिळायला हवं. पण तो खिडकीशी उभा राहून स्वतःशीच हिशेब लावत होता आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलत होता. नजर मी हंगामाच्या सुरुवातीला तपासतो, तो म्हणाला. आधी अंदाज सांगायचा, मग कापून तोलायचं, दोन्ही जुळेपर्यंत. दोन्ही वर्षं जुळलं. जुळणारच, तेव्हा सगळं कोवळं असतं, वाळकी काडी असतेच कुठे. काडी मागाहून येते. आणि खताच्या तुकड्यात जास्त येते, तिथे गवत झपाट्याने उंच होतं, देठावर जातं, उभ्या उभ्या वाळतं. तो थांबला. पुढचं मला माहीत होतं आणि त्यालाही, आणि मला वाटलं, नको बोलूस, राहू दे, मी ऐकलंच नाही असं करू आपण.

"मी काडीला गवत समजलो," तो म्हणाला. "आणि पाहुण्या सोडत गेलो."

मग त्याने बूट घातले. मी म्हटलं, अरे, सुट्टी आहे, आधी डॉक्टरला तरी दाखवू. तो म्हणाला डॉक्टर कुठे पळून जातोय, चल तू पण. इतक्या वर्षांत त्याने मला कुरणावर चल असं कधी म्हटलं नव्हतं आणि मीही कधी हट्ट केला नव्हता. तो माझ्या रंगखात्यात येत नाही, मी त्याच्या गवतात जात नाही, असं आपोआप ठरून गेलं होतं. बसमध्ये त्याने एका शब्दानेही स्वतःची कीव केली नाही. मदतनीस मुलीला फोन करून पांढरी चादर आणि कातर घेऊन ये म्हणाला, बस. मी त्याच्याकडे चोरून बघत होते. नाक तेच, कानावरचे केस तेच, मी हजारदा काप म्हणून सांगितलेले. आणि मला उगाच भीती वाटत होती की हा माणूस मला नीट माहीत नव्हता.

कुरण माझ्या मनातल्यापेक्षा लहान होतं आणि फार सुंदर. बिनखताचा तुकडा बुटका, चट्ट्यापट्ट्यांचा, कुठे जांभळट, कुठे पिवळट. मी असा नमुना गिऱ्हाइकाला दिला असता तर त्याने परत पाठवला असता. खताचा तुकडा कमरेएवढा, गडद, वाऱ्यावर डोलणारा. लांबून बघितलं तर कुणीही म्हटलं असतं की इथे काय कमी आहे. जवळ गेल्यावर मला एका नजरेत दिसलं, आणि वडिलांचं ऐकून मी दुसऱ्यांदा बघितलं नाही. वरची डोलणारी सगळी काडी होती. मदतनीस मुलगी धावत आली. तिला तो कातरवाली म्हणतो, कारण हंगामाच्या सुरुवातीला कापायचं काम तिचं. चेहऱ्यावरून हुशार आणि सरांवर जीव टाकणारी. तिने सवयीने पाठ फिरवली. तो म्हणाला, आज वळू नकोस, इकडे बघ. त्याने चौकट फेकली, वाकला, आकडा सांगितला. तिने कापलं. मी चादरीवर बसले आणि निवडायला लागले, एकीकडे हिरवं, एकीकडे वाळकं. निवडणं मला जन्माचं येतं. बिनखताच्या तुकड्यात त्याचा अंदाज जवळपास बरोबर आला, तेव्हा मुलीच्या जिवात जीव आला. खताच्या तुकड्यात माझा हिरवा ढीग ओंजळीत मावला. तिने आणखी एका ठिकाणी चौकट टाकायला लावली, मग आणखी एका ठिकाणी. जणू जागा बदलली तर नशीब बदलेल. ढीग तेवढाच येत होता. तो प्रत्येक वेळी माझ्या ओंजळीपर्यंत वाकून बघायचा आणि मान हलवायचा.

कातरवाली हळूच म्हणाली की तिला कधी कधी गवत कमी वाटायचं, पण एका प्रयोगाला एकच नजर. तिच्यावर तो रागावला नाही, बरोबर केलंस म्हणाला. आणि मेंढ्या? मी विचारलं. मला राहवलं नाही. मेंढ्या वाळलेल्या दिसत नव्हत्या का कुणाला? ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागली. दिसत होत्या ना काकू, ती म्हणाली, दर वजनाला दिसत होत्या. मेंढ्या वाळत होत्या, तोच तर आमचा निष्कर्ष होता. तो तुकड्यात शिरला. एका कायमच्या मेंढीला त्याने गुडघ्याशी धरलं आणि लोकरीत बोटं खुपसून तिच्या पाठीचा कणा चाचपला. बराच वेळ. मेंढी उभी राहिली होती आणि त्याच्या शर्टाची कड चघळत होती, माझ्याच हाताने इस्त्री केलेल्या शर्टाची. भुकेली आहे, तो म्हणाला. दोन वर्षं मी हिला भुकेली ठेवली आणि खताचा दोष म्हणून मिरवलो.

संस्थेच्या मोठ्या साहेबांना त्याने तिथूनच फोन केला. साहेब काही वाईट माणूस नाही, मी त्याला ओळखते, लेकीच्या लग्नात त्याने वाढायला घेतलं होतं. साहेब खूप वेळ बोलला, इतक्या मोठ्याने की आम्हालाही ऐकू येत होतं. आधी डोळ्याचं काम करून घे म्हणाला. सोमवारी शेवटचं वजन आहे, तोवर कशाला हात लावू नकोस, हंगाम पुरा होऊ दे. परदेशातले पाहुणे सोमवारच्या भाषणासाठी निघालेत. सगळं रीतसर मांडू आणि शेवटी एक ओळ घालू की अंदाजात थोडी त्रुटी असण्याची शक्यता आहे. असं सगळेच घालतात. कातरवालीच्या चेहऱ्यावर आशा पसरली आणि मी खोटं कशाला बोलू, माझ्याही. सोमवार म्हणजे किती लांब? आठवडाभर शर्ट टांगून ठेवला आहे, बाहेरची माणसं येतील, टाळ्या वाजवतील, मी दुसऱ्या रांगेत बसेन. त्रुटी असण्याची शक्यता. खोटंही नाही ते. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण, हो म्हण रे बाबा, एवढं एक घे पदरात. तो फोन कानाला धरून मेंढ्यांकडे बघत होता. नियम मोडून, उघड उघड.

"सोमवारपर्यंत या खाणार काय?" त्याने साहेबांना विचारलं.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला, उत्तर मला ऐकू आलं नाही. त्याने फोन खिशात टाकला आणि खताच्या तुकड्याच्या फाटकाची कडी काढली. कातरवाली पुढे झाली, म्हणाली सर, पाहुण्याच काढायच्या ना, मी वेगळ्या करते. तो म्हणाला सगळ्या. ती म्हणाली सर, कायमच्या बाहेर गेल्या तर प्रयोग संपला, वजनाला काही अर्थच राहणार नाही. हो, संपला, तो म्हणाला, आणि आवाज इतका साधा, की जणू कुणाला पाणी देतोय. दोन हंगाम रद्द धर, पोरी. आधीची वर्षं शाबूत आहेत, तेवढी आपली. बाकीचं मी सोमवारी उभा राहून सांगतो, सगळ्यांसमोर, कारण त्यातल्या कितीतरी जणांची नजर माझ्याच वयाची आहे आणि तेही कोवळ्या गवतावरच तपासत असतील.

फाटक उघडल्यावर मेंढ्या क्षणभर बाहेर आल्याच नाहीत. मग एक आली, आणि मग धरण फुटावं तशा सगळ्या, कायमच्या कोण आणि पाहुण्या कोण काही कळेना. फाटकाबाहेर पाटाच्या कडेला बुटकं ओलं गवत होतं, खरं हिरवं, ते मलाही लांबून दिसत होतं. काही तिथेच तुटून पडल्या. काही रस्त्याकडे निघाल्या. रस्ता लागूनच होता, त्यावरून ट्रक जात होते. कातरवाली एका बाजूला पळाली, तो दुसऱ्या बाजूला, हात वर करून, तोंडाने कसले कसले आवाज काढत, कानावरचे केस वाऱ्यावर उडवत. आणि मला ओरडून सांगितलं की तू रस्त्याच्या तोंडाशी उभी राहा, हात पसर, हलू नकोस.

मी उभी राहिले. शहरातल्या चपला, खांद्याला पर्स, दोन्ही हात पसरून. समोरून मेंढ्या येत होत्या आणि त्यांच्या मागून तो येत होता, धापा टाकत, चिखलाने भरलेला, आयुष्यभराचं काम आत्ता स्वतःच्या हाताने सोडून दिलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकच काळजी होती, की एखादी मेंढी ट्रकखाली जाऊ नये. माझा नवरा. मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी येऊन समोरचं सगळं धूसर झालं, आणि मी तशीच हात पसरून उभी राहिले.

"अगं, अडव ना!" तो ओरडत होता. "दोन्ही बाजूंनी चालल्यात!"